बुद्धगयेला जावे की न जावे?

आपल्या वस्तीतल्या बहुतेक घरांत एक चित्र हमखास सापडते. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली तथागतांची मूर्ती आणि त्यांच्या शेजारी उंच शिखराच्या एका विहाराचे चित्र. कोणी ते जुन्या कॅलेंडरवरून कापून काचेत बसवलेले असते, कोणी दीक्षाभूमीबाहेरच्या स्टॉलवरून आणलेले असते. घरातल्या लहान पोरालाही ते ओळखू येते. हे बुद्धगयेचे महाबोधी महाविहार. त्याच्याकडे पाहत घरातली आजी म्हणते, "एकदा तिथं जाऊन यायचंय. मग डोळे मिटले तरी चालतील."

हे स्वप्न आपल्या समाजात घरोघरी आहे. धुणीभांडी करणारी आई डब्यात दहा-वीस रुपये टाकत राहते, निवृत्तीला आलेला सफाई कामगार फंडाच्या पैशातले थोडे बाजूला ठेवायचे म्हणतो, महिला मंडळ भिशी लावते. पण डबा फोडायची वेळ आली की प्रश्न पडतो. पोरगी बारावीला आहे, पावसाळ्यात घर गळते, कोणाचे तरी दवाखान्याचे बिल राहिले आहे. अशा वेळी हजारो रुपये खर्च करून एवढे लांब जावे का?

त्यात जाऊन आलेल्यांची मते दोन. एक म्हणतो, जन्माचे सार्थक झाले. दुसरा म्हणतो, "काय आहे तिथं? गर्दी, भिकारी, आणि आपल्याच विहारात आपण पाहुणे." २०२४ च्या नोव्हेंबरात आमच्या वस्तीतले आम्ही ११ जण तिथे जाऊन आलो, तेव्हा या दोन्ही बोलण्यांचा प्रत्यय आम्हाला आला. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नाचा एकदा मोकळेपणाने विचार करू या.

तथागत काय सांगतात?

आधी आपल्या शास्त्याचेच म्हणणे पाहू. गया हे नाव बुद्धाच्या काळीही स्नानाने पाप धुण्यासाठी प्रसिद्ध होते. मज्झिम निकायातल्या वत्थूपम सुत्तात एक ब्राह्मण तथागतांना नदीवर आंघोळीला चला म्हणतो, कारण त्या नदीने पाप जाते अशी लोकांची समजूत. तथागत त्याला समजावतात, की ज्याचे आचरण वाईट आहे त्याला कोणतीही नदी शुद्ध करू शकत नाही. आणि जो हिंसा करीत नाही, खोटे बोलत नाही, चोरी करीत नाही, त्याला गयेला जाण्याचे कारणच उरत नाही. त्याच्या गावची साधी विहीरही त्याला गयेइतकीच मोलाची आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी, आणि तेही नेमके गयेचे नाव घेऊन, ही गोष्ट सांगितली गेली आहे.

पण त्याच तथागतांनी महापरिनिर्वाणाच्या आधी आनंदाला चार ठिकाणे सांगितली. जन्म झाला ते लुंबिनी, ज्ञान झाले ते बुद्धगया, पहिले प्रवचन झाले ते सारनाथ आणि महापरिनिर्वाण झाले ते कुशीनगर. ही ठिकाणे श्रद्धावंताने पाहावीत, तिथे मन जागे होते, असा त्या सांगण्याचा आशय महापरिनिब्बान सुत्तात आहे.

मग यातले खरे कोणते? आमच्या मते दोन्ही खरी आहेत आणि त्यांत विरोध नाही. पाप धुवायला, नवस फेडायला, पुण्याची गाठोडी बांधून आणायला जायचे असेल तर बुद्धगयेला जाण्याची काही गरज नाही. पण एक राजपुत्र घरदार सोडून, उपाशी राहून, चुका करून, शेवटी स्वतःच्या बुद्धीने जिथे दुःखाचे कारण शोधून काढतो, ती जागा पाहून स्वतःलाही विचाराला लावायचे असेल, तर जाणे योग्य आहे. बाबासाहेबांनीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी बुद्धगया न निवडता नागपूर निवडले. तेव्हा बुद्धगया पाहिली नाही म्हणून कोणी कमी बौद्ध ठरत नाही. ही गोष्ट पक्की धरली की मनावरचे निम्मे ओझे उतरते.

नालासोपाऱ्याचा दगड

यात्रा कशी करावी याचा धडा तर आपल्या महाराष्ट्रातच सापडलेला आहे. मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरचे नालासोपारा आपल्या कामगार बांधवांना चांगले माहीत आहे. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तो आज मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे.

या आठव्या लेखात अशोक काय सांगतो? पूर्वीचे राजे मौजमजेच्या सहली करीत, शिकारी करीत. अशोक मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या धम्मयात्रांत श्रमण-ब्राह्मणांची भेट, त्यांना दान, वृद्धांची विचारपूस, त्यांना मदत, गावोगावच्या लोकांना भेटून धम्माविषयी बोलणे अशी कामे होत.

यात मूर्तीपुढे नारळ फोडल्याचा किंवा डोके टेकून परतल्याचा उल्लेख नाही. माणसांना भेटायचे, म्हाताऱ्यांची काळजी घ्यायची, धम्माची चर्चा करायची, एवढेच आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा हा सम्राट आपल्याला प्रवासाची रीत शिकवून गेला. आपली सहल या रीतीत बसते का, एवढे तपासून पाहिले तरी जावे की न जावे याचे निम्मे उत्तर मिळते.

मनातले चित्र आणि प्रत्यक्ष

पुष्कळांची निराशा होते, कारण ते भिंतीवरचे चित्र मनात घेऊन जातात. चित्रात माणूस नसतो, आवाज नसतो, धूळ नसते. म्हणून आधीच काही गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली गोष्ट बोधिवृक्षाची. ज्याच्याखाली सिद्धार्थ बसला तोच अडीच हजार वर्षांचा पिंपळ आपण पाहणार, अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. त्या जागी झाड अनेकदा नष्ट झाले आणि पुन्हा लावले गेले. शेवटचा जुना वृक्ष १८७६ साली कोसळला. आज आहे तो वृक्ष त्यानंतर त्याच्याच रोपापासून वाढवलेला. वंश तोच, झाड नवे. त्याला हात लावता येत नाही, भोवती दगडी कठडा आहे. फांद्यांना लोखंडी टेकू दिलेले आहेत. पाने तोडायला बंदी आहे. पान गळून पडले की मात्र भल्याभल्यांची धावपळ होते. आमच्यातल्या एका आजींच्या पदरात पान पडले, तर शेजारच्या तीन देशांच्या बाया त्यांच्याकडे पाहून हसल्या.

दुसरी गोष्ट विहाराची. आजचे विटांचे विहार पाचव्या-सहाव्या शतकातले, सुमारे ५० मीटर उंच. एकोणिसाव्या शतकात ते पडझडीला आले होते. आधी ब्रह्मदेशाच्या बौद्धांनी आणि मग १८८० नंतर इंग्रज सरकारने त्याची मोठी दुरुस्ती केली. २००२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. विहाराच्या मागे वृक्षाखाली वज्रासनाची शिळा आहे. ती अशोकाच्या काळातली मानतात. तीही कठड्याबाहेरूनच पाहावी लागते.

तिसरी गोष्ट निरंजना नदीची. पुस्तकात वाचलेली वाहती नदी पाहायला जाल, तर वर्षातले बरेच महिने नुसती वाळू दिसेल. पलीकडे बकरौर गावात सुजातेच्या नावाचा विटांचा जुना स्तूप आहे. सुजातेने खीर दिली आणि सिद्धार्थाने देहदंडाचा मार्ग सोडला, ती आठवण तिथे जपलेली आहे. आमच्या आयाबहिणींना विहारापेक्षा हाच ओबडधोबड ढिगारा जास्त आवडला. "एका बाईनं वेळेवर जेवू घातलं, म्हणून पुढचं सगळं झालं," असे एकजण म्हणाली. त्यावर पुरुषमंडळींकडे उत्तर नव्हते.

चौथी गोष्ट गर्दीची आणि बाजाराची. विहाराबाहेर माळा, मूर्ती, पिंपळपाने विकणारे मागे लागतात. लहान मुले हात पसरतात. गोड बोलून ओळख काढणारे आणि शाळेच्या नावाने देणगी मागणारेही भेटतात. ७ जुलै २०१३ रोजी इथे बॉम्बस्फोट झाले, तेव्हापासून तपासणी कडक आहे. मोबाइल आत नेता येत नाही, बाहेर जमा करावा लागतो. प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मोबाइल नाही म्हणून तरुण पोरे कुरकुरली, पण अर्ध्या तासाने तीच पोरे शांत बसलेली दिसली.

आपल्याच घरी पाहुणे?

आता सगळ्यात दुखऱ्या गोष्टीकडे येऊ. आमच्या वस्तीतले एक जुने कार्यकर्ते आमच्याबरोबर आले नाहीत. "महाविहार बौद्धांच्या ताब्यात येईल तेव्हाच मी जाईन," असे ते म्हणाले. हे म्हणणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही.

श्रीलंकेचे अनागारिक धम्मपाल १८९१ साली बुद्धगयेला आले, तेव्हा हे विहार एका शैव महंताच्या ताब्यात होते. धम्मपालांनी त्याच वर्षी महाबोधी सोसायटी स्थापन केली आणि विहार बौद्धांना मिळावे म्हणून आयुष्यभर झगडले. स्वातंत्र्यानंतर बिहार सरकारने १९४९ चा कायदा केला. त्या कायद्याने व्यवस्थापन समितीत चार बौद्ध, महंतासह चार हिंदू आणि अध्यक्ष म्हणून जिल्हाधिकारी अशी रचना झाली. जिल्हाधिकारी हिंदू नसेल तर सरकारने दुसरा हिंदू अध्यक्ष नेमावा, अशीही तरतूद होती. ती अट २०१३ च्या दुरुस्तीने गेली, पण चार-चारची वाटणी राहिली. १९९२ पासून भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले आणि त्यात आपल्या महाराष्ट्रातले हजारो लोक गेले. १२ फेब्रुवारी २०२५ रोजी बुद्धगयेत भिक्खूंनी याच मागणीसाठी पुन्हा उपोषण सुरू केले आणि त्याचे पडसाद देशभर उमटले.

ज्या विहारात बुद्धाला ज्ञान झाले, तिथे पुजाऱ्यांचे विधी दिसतात. प्रवेशाजवळच्या देवळीत बुद्धमूर्तींनाच पांडव म्हणून दाखवले जाते, ही बौद्धांची जुनी तक्रार आहे. बावीस प्रतिज्ञांत आपण पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा घेतली, आणि इथून १२-१५ किलोमीटरवरचे गया शहर तर पिंडदानासाठीच देशभर प्रसिद्ध आहे. पितृपक्षात तिथे लाखोंची गर्दी लोटते. हे सगळे पाहून मन कडू होते. आमचेही झाले.

तरीही त्या कार्यकर्त्यांशी आमचे मत इथे जुळत नाही. ज्या घराचा धनी येत-जात नाही, त्या घरावर दुसऱ्याचा हक्क पक्का होत जातो. धम्मपाल विहाराची दुरवस्था पाहून माघारी फिरले असते, तर लढा उभाच राहिला नसता. आपण जावे, आपल्या पद्धतीने त्रिशरण-पंचशील घ्यावे, आपल्या मुलांना १९४९ चा कायदा काय आहे हे तिथेच उभे राहून सांगावे. दान द्यायचे तर कोणाला देतो आहोत हे विचारून द्यावे. कोणाशी वाद घालू नये, पण आपल्या मनाविरुद्धच्या विधीत हातही जोडू नये. पाहुण्यासारखे संकोचून नको आणि भांडायला आल्यासारखेही नको. घरच्या माणसासारखे वावरावे.

मग तिथे आहे तरी काय?

एवढ्या सगळ्या उणिवा सांगितल्यावर कोणी विचारील, मग जायचे कशाला?

याचे उत्तर पहाटे मिळते. विहार पहाटे पाचला उघडते. हवेत गारवा असतो, बाजार अजून उठलेला नसतो. वृक्षाखाली आणि भोवतीच्या अंगणात लोक आपापल्या जागी बसलेले असतात. एका बाजूला पांढऱ्या कपड्यांतले श्रीलंकेचे उपासक, एका बाजूला तांबड्या चीवरातले तिबेटी लामा, पलीकडे थायलंडचे भिक्खू, व्हिएतनामच्या राखाडी कपड्यांतल्या भिक्खुणी. तिबेटी म्हातारे-म्हाताऱ्या लाकडी फळीवर अंग पसरून शेकडो दंडवत घालत असतात. प्रत्येकाची भाषा वेगळी, चाल वेगळी, पण कोणी कोणाला अडवत नाही.

आम्ही ११ जण एका कोपऱ्यात बसलो. आमच्यातल्या आजींनी आपल्या वस्तीतल्या विहारात म्हणतो त्याच चालीत त्रिशरण सुरू केले. थोड्या वेळाने शेजारच्या श्रीलंकेच्या दोन बायका त्यात मिसळल्या. चाल त्यांची निराळी, शब्द मात्र तेच पाली. पंचशील संपेपर्यंत दोन्ही चाली कशाबशा एक झाल्या. आजींना सिंहली येत नाही, त्या बायकांना मराठी येत नाही. त्यांनी आजींचे हात हातात घेतले आणि आजींनी पिशवीतला शेंगदाण्याचा लाडू काढून त्यांच्या हातावर ठेवला. एवढेच घडले.

पण आयुष्यभर गावकुसाबाहेर, नंतर शहराच्या नाल्याकाठी राहिलेल्या त्या बाईला त्या दिवशी कळले, की आपला धम्म आपल्या वस्तीपुरता नाही. जगभरातले लोक ज्याच्यापुढे बसतात, त्याच्यापुढे आपणही बसलो आणि कोणी जात विचारली नाही. परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "बाबासाहेबांनी आपल्याला केवढ्या मोठ्या घरात आणून ठेवलंय, ते आज दिसलं." हे पुस्तकातून सांगता येते, भाषणातून सांगता येते. पण डोळ्यांनी दिसल्यावर ते जितके पक्के बसते, तितके इतर कशानेही बसत नाही. बुद्धगयेला जाण्याचे खरे मोल आम्हाला इथे सापडले.

विहाराभोवती थायलंड, जपान, भूतान, ब्रह्मदेश, तिबेट अशा देशोदेशींच्या बौद्धांची विहारे आहेत. ८० फुटी बुद्धमूर्ती आहे, तिचे अनावरण १९८९ साली दलाई लामांच्या हस्ते झाले. पुराणवस्तू संग्रहालयही आहे. हे सारे पायी किंवा रिक्षाने एका दिवसात होते.

हिशेब मांडा, मगच तिकीट काढा

'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी एक साधी गोष्ट नोंदवली आहे. सिद्धार्थ गौतम शेवटच्या ध्यानाला बसण्यापूर्वी ४० दिवस पुरेल एवढे अन्न गोळा करून मग बसला. चार आठवड्यांनी त्याला ज्ञान झाले. म्हणजे जगातला सगळ्यात मोठा शोध लावायला बसणारा माणूससुद्धा आधी शिधा मोजून घेतो. आपण तर संसारी माणसे.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे, की कर्ज काढून बुद्धगयेला जाऊ नये. व्याजाचा हप्ता डोक्यावर घेऊन वृक्षाखाली बसलात, तर मन सावकाराच्या दारातच राहील. मुलांची फी, औषधपाणी आणि घराची डागडुजी आधी. यात्रा एका वर्षाने पुढे गेली तर बुद्धगया कुठे पळून जात नाही.

हिशेब करताना गाडीभाडे, मुक्काम आणि जेवण एवढेच धरू नका. आपल्यापैकी बरेच जण रोजंदारीवर आहेत. आठ दिवस गेलो तर आठ दिवसांची हजेरी बुडते, तो खर्चच आहे. स्टेशनापासूनचे रिक्षाभाडे, थोडे दान, घरी आणायच्या वस्तू आणि आजारपणासाठी राखीव रक्कम हेही मांडा. रेल्वेतली ज्येष्ठांची भाडेसवलत २०२० साली बंद झाली, त्यामुळे आजी-आजोबांचे तिकीट पूर्ण धरूनच चाला. साठी ओलांडलेल्यांसाठी महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना जाहीर केली. तिचा लाभ आपल्याला मिळेल का, हे समाजकल्याण कार्यालयात जाऊन विचारून घ्या. कोणा मध्यस्थाच्या हातात पैसे देऊ नका.

कधी जावे, कसे जावे?

अनेकांना वैशाख पौर्णिमेला जायचे असते आणि मुलांच्या सुट्ट्याही मे महिन्यातच असतात. पण त्या दिवसांत गयेचा उन्हाळा भयंकर असतो. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. जून २०१९ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाला लोकांच्या दिवसा बाहेर पडण्यावर निर्बंध घालावे लागले होते. म्हातारी माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर मे टाळाच. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडाक्याची असते, धुक्याने गाड्या तासन्‌तास उशिरा येतात, आणि परदेशी भाविकांच्या गर्दीमुळे खोल्या महाग होतात. आमच्या मते दिवाळीची सुट्टी किंवा नोव्हेंबर हा सगळ्यात सोयीचा काळ, नाहीतर फेब्रुवारी. पितृपक्ष सोडूनच जा.

मुंबईहून कोलकात्याकडे गयेमार्गे जाणारी मेल आहे. गाडीत साधारण ३० तास धरा. कोल्हापूर, मराठवाडा आणि विदर्भातल्या लोकांसाठी कोल्हापूर-धनबाद दीक्षाभूमी एक्सप्रेस ही आठवड्यातून एकदा सुटणारी गाडी आहे. नावही आपलेच. वेळापत्रक बदलत असते, ते स्टेशनवर पाहून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी सुरू होते, तेव्हा दोन महिने आधीच तयारी लागते. गाडी अपरात्री गयेला पोचत असेल, तर उजाडेपर्यंत स्टेशनातच थांबा. बायामाणसे बरोबर असताना रात्रीची रिक्षा करू नका.

मुक्कामासाठी विहारांची आणि धर्मशाळांची साधी निवासस्थाने आहेत. तिथे आधी फोन करून जागा सांगून ठेवावी. जेवणाला वरण-भात, पोळी-भाजी सगळीकडे मिळते. लिट्टी-चोखा एकदा जरूर खाऊन पाहा. आपल्या चुलीत भाजलेल्या वांग्याच्या भरताची आठवण येईल. येताना गयेचा तिळकूट आणा, आठवडाभर टिकतो आणि शेजारीपाजारी वाटता येतो. बिहारमध्ये एप्रिल २०१६ पासून दारूबंदी आहे. काही घरांतल्या बाया एवढ्याच कारणासाठी नवऱ्याला घेऊन जायला तयार होतील!

एक सूचना मात्र आग्रहाची. दहा दिवसांत सात स्थळे दाखवणाऱ्या बसच्या सहली निघतात. त्यांत बुद्धगयेला दोन-अडीच तास मिळतात, त्यातला एक तास रांगेत आणि चपला शोधण्यात जातो. माणूस दमून येतो आणि म्हणतो, काही विशेष नाही. अशी सहल आम्हाला पैसे वाया घालवण्यासारखी वाटते. त्यापेक्षा एकच ठिकाण निवडा आणि तीन रात्री राहा. दोन पहाटा वृक्षाखाली, एक दिवस सुजातेचा स्तूप आणि देशोदेशींची विहारे, आणि जमल्यास एक दिवस राजगीर-नालंदा. ही दोन्ही ठिकाणे गाडी करून एका दिवसात पाहून येता येतात. ज्या विद्यापीठात देशोदेशींचे लोक शिकायला येत, त्या नालंदेच्या भिंती शाळकरी मुलांनी अवश्य पाहाव्यात.

ज्यांना यंदा जमणार नाही त्यांनी

हिशेब जुळला नाही, तब्येत साथ देत नाही, रजा मिळत नाही, अशी कितीतरी घरे असतील. त्यांनी मन खट्टू करू नये. मुंबईकरांनी एका रविवारी डबा बांधून बोरिवलीला जावे आणि कान्हेरीची लेणी पाहावीत. तिथे शंभरावर लेणी आहेत आणि भिक्खूंच्या पाण्याची टाकी, बसायचे ओटे अजून शाबूत आहेत. नालासोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणून ओळखला जाणारा स्तूप आहे. पुणेकरांना कार्ले-भाजे, नाशिककरांना त्रिरश्मी, मराठवाडा-खानदेशच्या लोकांना अजिंठा जवळ आहे. अशोकाच्या रीतीने पाहिले, तर शेजारच्या गल्लीतल्या एकट्या म्हाताऱ्याची विचारपूस करून येणे हाही धम्मयात्रेचाच भाग आहे. त्याला तिकीट लागत नाही.

मग शेवटी काय ठरवावे? ज्याला पुण्य हवे आहे, त्याने पैसे वाचवावेत. ज्याला कर्ज काढावे लागते, त्याने थांबावे. ज्याला चित्रातल्यासारखे सुंदर, शांत, निर्दोष ठिकाण हवे आहे, त्याने चित्रच पाहावे. पण ज्याची शिल्लक हिशेबात बसते, ज्याला तीन दिवस थांबायची तयारी आहे, आणि ज्याला आपल्या धम्माचे मोठेपण आणि त्याच्या वाट्याला आलेला अन्याय ही दोन्ही एकाच अंगणात पाहायची आहेत, त्याने जरूर जावे. शक्य तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आणि सगळ्यात लहान शाळकरी मुलाला बरोबर घेऊन जावे. म्हाताऱ्याचे स्वप्न पुरे होईल, आणि मुलाच्या डोक्यात काही प्रश्न उभे राहतील. हे विहार आपल्याकडे का नाही, असे त्याने परतीच्या गाडीत विचारले, तर तिकिटाचे पैसे वसूल झाले असे समजावे.

जयभीम!